पाचवं नख

भाल्याचा पुढचा उजवा पंजा मांडीवर घेऊन मी त्याची नखं दगडावर घासत होते. वस्ती आता एका दिवसाच्या मजलेवर राहिली होती. ओढ्याला पाणी नव्हतं, पण एका डबक्यापुरती ओल होती आणि काठचा दगड खरबरीत होता. एकेक नख बोटांत धरायचं, पाणी लावायचं, पुढेमागे घासायचं, टोक बोथट झालं की दुसरं धरायचं. एका पंजाची पाचही नखं व्हायला बराच वेळ लागत होता. भाल्या पाय ओढून घेत नव्हता. माझ्या मांडीवर त्याला काहीही केलेलं चालायचं.

मागून कोंडाआक्का हंडा घेऊन आली. ती माझी चुलतजाऊ, आमच्याबरोबर फिरणारी दुसरी बाई. काय चाललंय, तिनं विचारलं. पायात काटा भरलाय, मी म्हटलं. तिनं दगडावरची पांढरी भुकटी बघितली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चारी पायांत?" ती म्हणाली आणि पाणी भरायला पुढे गेली.

हे एक्क्याण्णव साल. आमची वस्ती जत तालुक्यात, माळावर. बारा घरं आणि मधे बिरोबाचं देऊळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचं, वारणाकाठानं सरकत आंबा घाटाच्या तोंडापर्यंत, आणि पाऊस लागायच्या आत माघारी यायचं. सात महिने. पुरुष मेंढरांबरोबर रानातून चालायचे. आम्ही बायका घोडीवर बिऱ्हाड टाकून रस्त्यानं पुढे मुक्कामाला जायचो. घोडीच्या दोन्ही अंगांना एकेक डालगं बांधलेलं असायचं. एकात भांडी आणि कोंबड्या, दुसऱ्यात घोंगडं अंथरून तान्हं लेकरू. कोंडाआक्काच्या डालग्यात तिचं तिसरं होतं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझ्या डालग्यात कोकरं बसायची.

नवऱ्याचं आणि माझं भांडण कधी झालं नाही. भांडायलाही काही बोलावं लागतं. संध्याकाळी ते यायचे, वाघूर लावायचे, म्हणजे मेंढरांभोवती जाळी उभी करायची. मग जेवायचे आणि मेंढरांजवळ झोपायचे. भाकरी दे, पाणी दे, उद्या अमुक गावाला मुक्काम, एवढं बोलणं.

सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. माझे सासरे मायाप्पा बंडगर. गुडघ्यामुळे त्यांचं फिरणं सुटलं होतं, पण कुत्र्यांच्या बाबतीत आजूबाजूच्या वीस वस्त्यांत त्यांचा शब्द शेवटचा होता. आमची कुत्री उंच, लांब तोंडाची, पातळ कमरेची. शहरातले लोक त्यांना कारवान म्हणतात. आमच्यात नुसतं कुत्रं म्हणायचे. लांडग्यामागं धावायचं आणि धावून परत यायचं, हे त्याचं काम.

मामांचा एकच नियम होता. जो नर एक अख्खा हंगाम मेंढरांमागं चालून आला, त्याचीच जोड लावायची. हंगामाहून परतलं की दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळी वस्ती जमायची. मामा प्रत्येक कुत्र्याचे दात बघायचे, छाती चाचपायचे, मागचे पाय ताणून बघायचे, पंजे हातात घ्यायचे. मग चालला का, असं चारचौघांत विचारायचे. सगळं ठीक वाटलं तर त्याच्या कपाळाला देवाचा भंडारा लावायचे. भंडारा लागला की त्याची जोड लागायची. नाही लागला तर दारात बसावं, भाकरी खावी, एवढंच. जीप घेऊन आलेल्या लोकांनाही त्यांनी या एका गोष्टीवर माघारी पाठवलेलं मी पाहिलं होतं.

भाल्या आमच्या दारचा नव्हता. सांगलीच्या कागवाडे साहेबांनी तो आदल्या ज्येष्ठात आणला. दोन महिन्यांचा, दुधासारखा पांढरा, टॉवेलात गुंडाळलेला. साहेबांच्या बंगल्यात आठ कुत्री होती आणि प्रदर्शनात मिळालेल्या पेल्यांनी कपाट भरलं होतं. याच्या बापाचं डोकं बघून परीक्षक खुर्चीतून उठले, असं ते सांगत होते. त्यांना हा मामांच्या हरणीला लावायचा होता. हरणी ही मामांची सगळ्यात जुन्या ओळीची मादी. तिच्या आईच्या बाजूच्या नऊ पिढ्या मामांना तोंडपाठ होत्या, आणि नऊही पिढ्यांतल्या माद्यांना चालून आलेलाच नर लागला होता. होतील त्यातलं पहिलं निवडीचं पिल्लू साहेबांचं, असं बोलणं होतं.

मामांनी पिल्लाचं तोंड दोन बोटांत धरून बघितलं.

"सायेब, तोंड सुरीगत केलंय तुमी. दात कुटं मावायचं? आन् छाती ही अशी चिंचोळी. काळीज ठिवायला जागा नगो का?"

साहेब हसले. "काळीज कोण बघायला जातंय, मायाप्पा? प्रदर्शनात डोकं बघतात."

"हितं चाल बघत्यात," मामा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. चालला तर बघू. न्हाई चालला तर ज्याचा त्येला परत."

साहेबांनी मान डोलावली आणि पिल्लू माझ्या हातात दिलं, कारण मी जवळ उभी होते.

मी त्याला शेळीच्या दुधात बोळा भिजवून वाढवला. तो माझ्या पायाशी झोपायचा. मी पाण्याला निघाले की हंड्याच्या सावलीत चालायचा. एरवी माझ्याशी दिवसभर कुणी बोलत नव्हतं आणि मीही कुणाशी बोलत नव्हते. त्याच्याशी बोलायला लागले. काय बोलायची ते आता सगळं आठवत नाही. भाकरी करपली, घोडीचा नाल सैल झालाय, असंच काहीतरी.

दिवाळीनंतर आम्ही निघालो तेव्हा तो सात महिन्यांचा होता. कुठल्याही गावातून जाताना माणसं थांबून त्याच्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, ह्याला बिऱ्हाडासंगं घे, मागं ऱ्हातंय. चौथ्या दिवशी दंडोबाच्या डोंगराखालच्या चढणीला भाल्या बसला. मी हाक मारली. तो उठला, चार पावलं आला आणि कुशीवर पडला. जीभ बाहेर आली होती. ती जांभळाच्या रंगाची होती.

मी तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळानं तो उठून उभा राहिला आणि काही झालंच नाही अशा डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागला. मी डालग्यातली दोन कोकरं काढून कोंडाआक्काच्या हातात दिली आणि भाल्याला आत बसवलं. त्याचे लांब पाय काठावरून बाहेर लोंबत होते. चढण संपली की उतरवायचं, असं मी ठरवलं होतं.

पहिल्यांदा नुसत्या चढणी होत्या. मग दुपारचं ऊन आलं. महिनाभरात तो सकाळी बसायचा तो संध्याकाळी उतरायचा. मुक्काम अर्ध्या मैलावर आला की मी त्याला खाली घ्यायची, म्हणजे पुरुषमाणसं बघतील तेव्हा तो पायांवर असायचा. सपाटीला थोडं चालवायची, तळवे मऊ राहू नयेत म्हणून.

कोंडाआक्का एकदा म्हणाली, "सगुणे, तुजं लेकरू लई केसाळ निघालं गं."

ती स्वतःच हसली. मी हसले नाही. त्यानंतर ती तसं कधी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या पोराच्या जुन्या दुपट्याची घडी आणून दिली आणि म्हणाली, छातीखाली घाल, डालग्याची काडी टोचत आसंल.

सात महिने असे गेले. चालला नाही असं सांगितलं तर भाल्या सांगलीला जाणार होता. मी दुसरा काही विचार केला नाही.

*

वस्तीवर पोचलो त्या संध्याकाळी मामा नेहमीसारखे पुढे आले. घोडीवरचं ओझं ते स्वतः उतरवायचे, गुडघा कितीही दुखत असला तरी. त्यांनी भांडी काढली, कोंबड्या सोडल्या. दुसऱ्या डालग्यातलं काळं घोंगडं काढून दगडी गडग्यावर टाकलं आणि दोन्ही हातांनी झटकलं. पांढरे केस उडाले. वारा होता. मी उभी राहून बघत होते आणि ते केस माळाकडे निघून गेले. मामांनी घोंगड्याची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे माणसं जमली. त्या वर्षी चार कुत्री होती. भाल्या शेवटी. मामांनी दात बघितले. छाती चाचपली. पुढचा उजवा पंजा हातात घेतला आणि अंगठा एकेका नखावरून फिरवला. मग वर, पायाच्या आतल्या अंगाला अंगठा गेला आणि तिथं थांबला. मला वाटलं, ते थकले असतील.

"चालला का?" त्यांनी यांना विचारलं.

"बिऱ्हाडासंगं हुता," हे म्हणाले.

"सगुणा, चालला?"

कोंडाआक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं पोराच्या डोक्यावर पदर ओढला आणि खाली बघितलं.

"चालला, मामा."

मामांनी पिशवीत बोटं घातली आणि भाल्याच्या कपाळाला भंडारा लावला. त्यांचा हात तिथं जरा जास्त वेळ राहिला. पांढऱ्या कपाळावर तो पिवळा रंग उठून दिसत होता. सगळे म्हणाले, असं देखणं कुत्रं या देवळापुढं कधी उभं राहिलं नव्हतं. मला अभिमान वाटला. तो वाटला, हे मी लपवत नाही.

आठवड्यानं हरणीची जोड लागली. श्रावणात सहा पिल्लं झाली, सहाही बापाच्या तोंडाची. मामा त्यांच्याजवळ बसून राहायचे. पूर्वी ते पिल्लं डोळे उघडेपर्यंत तिकडे फिरकायचे नाहीत. आता उन्हात पोतं टाकून एकेकाला मांडीवर घ्यायचे आणि छातीवर तळवा ठेवून गप्प बसायचे. मी चहा आणून दिला की म्हणायचे, ब्येस हायती, ब्येस हायती. मी कधी विचारलं नव्हतं तरी म्हणायचे.

दसऱ्याला कागवाडे साहेब आले आणि सगळ्यात निमुळत्या तोंडाचा नर घेऊन गेले. तीन पिल्लं जवळच्या तीन वस्त्यांवर गेली. एक नर आणि एक मादी घरी ठेवली.

त्या वर्षी मी फिरतीवर गेले नाही. मामांना एका डोळ्यानं कमी दिसायला लागलं होतं आणि सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. भाकरी करायला कुणीतरी हवं होतं. यांनी एवढंच सांगितलं की तू राहा, आणि मी राहिले. दिवाळीनंतर वस्ती रिकामी झाली. बारा घरांपैकी चार घरांतून धूर निघायचा. दुपारी माळावर इतकी शांतता असायची की हरणी पाणी प्यायला लागली तर देवळापर्यंत आवाज जायचा. मामा आणि मी दिवसातून दोनदा जेवायला समोरासमोर बसायचो. ते जेवताना बोलत नसत.

पौषात, एका दुपारी, गडग्यावर कावळा बसला. घरच्या नर पिल्लानं त्याच्यामागं धाव घेतली. पाच महिन्यांचं पिल्लू, पण पळणं बघण्यासारखं होतं. गडग्याच्या कडेनं ते दहा-बारा ढांगा गेलं आणि त्याचे पुढचे पाय दुमडले. मी पोचेपर्यंत ते हलत नव्हतं. जीभ बाहेर आली होती.

तो रंग मला ओळखीचा होता.

मामा काठी टेकत आले, वाकले, जिभेला बोट लावलं. संध्याकाळी पुरून आल्यावर म्हणाले, उद्या जतला जाऊ. मादी पिल्लू घे. भाल्याला बी घे.

जतच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा डॉक्टर नदाफ होते. त्यांनी पिल्लाच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग भाल्याला लावली. हृदयाच्या झडपेत दोष आहे, ते म्हणाले. रक्त पुढे जायचं ते अडतं. बापात जास्त आहे, पोरीत थोडं कमी, आणि हे बापाकडूनच उतरलंय. बसून राहिला तर दोन-चार वर्षं काढेल. पळवायचा नाही, चढवायचा नाही. मग त्यांनी विचारलं की भंडारा लावून जोड लावता ना तुम्ही, मग हा कसा सुटला?

मामांनी सांगितलं, आंबा घाटापातूर जाऊन आलाय.

डॉक्टरांनी कानांतली नळी काढली. "मायाप्पा, हा चाललेला नाही. दोन दिवस चालला असता तर तिसऱ्या दिवशी मेला असता."

मी बाकावर बसले होते. भाल्याचं डोकं माझ्या गुडघ्यावर होतं.

"मग पारख माझी चुकली, डॉक्टर," मामा म्हणाले.

*

त्यानंतर मामा तिन्ही वस्त्यांवर स्वतः गेले. निरोप पाठवून भागलं असतं. ते म्हणाले, दिलं हातानं, मग सांगायचं बी तोंडानं. डोळ्यामुळे मला बरोबर घेतलं. ते काठी टेकत पुढे आणि मी दोन पावलं मागे, असे आम्ही दोन दिवस चाललो.

पहिल्या वस्तीवरचं पिल्लू ठीक दिसत होतं. मामांनी सांगितलं, याची जोड लावू नका, याला पळवू नका, पारख माझी चुकली. घरधन्यानं बरं म्हटलं आणि चहा दिला. तिसऱ्या वस्तीवरही तसंच झालं. दुसऱ्या वस्तीवर मात्र आम्ही पोचण्याआधी आठ दिवस पिल्लू गेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या तायाक्का लवटे दारात बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुज्या हातचं म्हनून घेतलं, मायाप्पा. डोळं झाकून."

मामांनी मान खाली घातली. मला तेव्हा बोलता आलं असतं. तायाक्कांनी माझ्याकडे बघितलंही होतं, सून किती वाळलीय, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मी रिकामा तांब्या उचलून आत ठेवायला गेले.

मग सांगली. एसटीनं गेलो. कागवाडे साहेबांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं. त्यांचं पिल्लू साखळीला होतं, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. मामांनी उभं राहून सगळं सांगितलं. दोन पिल्लं मेली, डॉक्टर काय म्हणाले, आणि याची जोड लावू नका.

साहेब शांतपणे ऐकत होते. "तुझी पळत होती म्हणून मेली," ते म्हणाले. "माझा कशाला पळतोय? अंगणात उभा राहिला की माणसानं बघत राहावं, बास. पळायला कुत्रा आता कुणाला हवाय, मायाप्पा?"

"त्येची पिल्लं जातील की कुणाकडं तरी. ती पळतील."

"ते ज्याचं त्यानं बघावं."

पुढच्या काही वर्षांत त्या कुत्र्यानं तीन पेले मिळवले. त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. साखळीला उभा, मान वर, भाल्याच्या तोंडाचा. त्याच्या पिल्लांसाठी लोक नाव लावून थांबायचे. मी नंतर अंगणवाडीत लागले, तालुक्याच्या गावाला बैठकीसाठी जायला लागले. तसलं तोंड मला सांगलीत दिसलं, सोलापुरात दिसलं, एकदा विजापूरच्या रस्त्यावर एका गाडीच्या खिडकीतही दिसलं. ते कुत्रं जीभ बाहेर काढून बसलं होतं. मी रंग बघितला नाही.

त्या दिवशी सांगलीहून परतताना आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. वस्ती तिथून दोन मैल. थोडं चालल्यावर मामा मोरीच्या कठड्यावर बसले, चप्पल काढली आणि गुडघा चोळायला लागले. मी उभी होते. त्यांनी मला बस म्हटलं. सासऱ्यासमोर मी कधी बसले नव्हते. थोडी लांब, मातीवर बसले.

"कुत्र्याच्या म्होरच्या पंजाला पाच नखं," ते म्हणाले. "चार भुईला लागत्यात. पाचवं वर असतंय, आतल्या अंगाला, आंगठ्याचं. त्ये भुईला लागतच न्हाई. किती बी चाललं तरी झिजत न्हाई."

मी मातीकडे बघत राहिले.

"तू त्ये बी घासलंवतंस."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. त्याचा आवाज पूर्ण जाईपर्यंत ते थांबले.

"आन् घोंगडं मीच झटकलं गं."

"मग भंडारा का लावला, मामा?"

"समद्या वस्तीम्होरं तुला खोटी पाडू व्हय?" ते गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "त्येवडंच न्हाई. माजं बी डोळं चाळवलं. असलं देखणं कुत्रं आपल्या दाराला कदी हुतं? म्हटलं, निगंल बी चांगलं. चाळीस वर्सं लोकास्नी सांगत आलो, आन्..."

मग मी म्हटलं, "खरं सांगितलं असतं तर तुमी त्येला परत धाडला असता."

मामांनी चप्पल पायात घातली, काठी घेतली आणि उठले.

"धाडला असता का न्हाई, ते तू मला इचारलंच न्हाईस."

ते चालायला लागले. मी दोन पावलं मागे.

हरणीला त्यानंतर पिल्लं झाली नाहीत. वय झालं होतं. घरची मादी वर्षाची व्हायच्या आत, पाण्याला जाताना वाटेत बसली ती उठली नाही. नऊ पिढ्यांची ती ओळ तिथं संपली. मामांनी मला त्यावरून कधी काही म्हटलं नाही, आणि कुणी त्यांना विचारलं तर ते पारख चुकली एवढंच सांगत राहिले. कोंडाआक्काही बोलली नाही. वस्तीत कुणाकुणाला माहीत होतं ते मला आजही माहीत नाही. सगळ्यांना असावं.

दिवाळी आली. या खेपेला मी निघायचं ठरलं, मामांसाठी कोंडाआक्काची थोरली मुलगी मागे राहणार होती. घोडी सजली. सगळी वस्ती निरोपाला उभी होती. मी भाल्याला दावणीला बांधला होता आणि त्याच्याकडे न बघता भांडी भरत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पळवायचा नाही, चढवायचा नाही. त्याला मागे सोडून सात महिने जायचं, हे मी मनाशी पक्कं करत होते.

मामांनी दावं सोडलं. भाल्याला त्यांनी पोटाखाली हात घालून उचललं, गुडघ्यामुळे एकदा थांबले, पुन्हा उचललं आणि सगळ्यांच्या देखत डालग्यात ठेवलं. घोंगडं छातीखाली दुहेरी केलं. बाहेर लोंबणारा एक पाय आत घेतला. कुणी हसलं नाही. भंडाऱ्याची पिशवी त्यांच्या कमरेला होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

"जा आता," ते म्हणाले.

भाल्या माघ महिन्यात गेला, वारणेच्या काठाला, डालग्यातच. दुपारी घोडी थांबवून मी पाणी दाखवायला वाकले तेव्हा तो गार झाला होता. यांनी उसाच्या बांधाला खड्डा खणला. खणून झाल्यावर मोकळ्या हातानं ते थोडा वेळ माझ्याजवळ उभे राहिले, आणि मग मेंढरांकडे गेले. तिथून पुढचे चार महिने माझ्या डालग्यात मी काही ठेवलं नाही. कोंडाआक्का म्हणाली, कोकरं घाल. मी घातली नाहीत. घोडी एका अंगाला कलायची म्हणून त्या बाजूला एक दगड बांधला होता.

मृगाच्या आधी वस्तीवर पोचलो. मामा पुढे आले. आता त्यांना दुसऱ्या डोळ्यानंही फारसं दिसत नव्हतं. चाचपत चाचपत त्यांनी भांडी उतरवली, कोंबड्या सोडल्या, दगड सोडून खाली ठेवला. डालग्यातून घोंगडं काढलं आणि गडग्यापर्यंत नेलं. तिथं त्यांनी तळव्यानं ते एकदा, कडेपासून कडेपर्यंत चाचपलं.

मग न झटकताच त्याची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.